तिच्या नावाचं ताट

वहिनी पहिल्यांदा आमच्या रिसोडच्या घरी आली तेव्हा मोठे काका ओसरीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसले होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पन्नी उघडली, चिमूटभर खर्रा गालात सरकवला, तुळशीपासून हातभर अंतरावर पचकन पिचकारी मारली आणि दादाला विचारलं, "काय रे, इच्याकडचे लोक साप-बेडूक खाते म्हणे? मले तं बापा नुसतं ऐकूनच मळमळते."

त्यांच्या हनुवटीवर ओघळ आला होता. तो त्यांनी हाताच्या पंज्याने पुसला, आणि वहिनी नमस्काराला वाकली तेव्हा तोच पंजा तिच्या डोक्यावर ठेवला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. मळमळलं मलाही, पण कशानं ते काकांना सांगून काही उपयोग नव्हता.

दादा माझ्याहून मोठा. शिकायला अमेरिकेत गेला, नोकरी लागली, तिथेच राहिला आणि तिथेच कचेरीत सह्या करून त्याने लग्न केलं. मुलगी चीनची. तीही त्याच्यासारखीच शिकायला म्हणून कोवळ्या वयात तिकडे गेलेली आणि मग परत न गेलेली. ही बातमी फोनवर आली तेव्हा आई धड जेवली नाही, आणि बाबांनी "सुखी हाय न पोट्टं, मंग झालं" म्हणून विषय मिटवला. गेल्या हिवाळ्यात दोघं महिनाभरासाठी घरी आली. वहिनीला पाचवा महिना लागला होता.

ती एका कामासाठी आली होती, आणि ते काम तिने मला लगेचच सांगून टाकलं. तिला आमची आई हवी होती. बाळंतपणासाठी.

तिची आई लहानपणीच गेलेली, आणि जिने वाढवलं ती आजीही आता उरली नव्हती. त्यांच्याकडे बाळंतिणीला महिनाभर घराबाहेर पडू देत नाहीत, गार पाण्यात हात घालू देत नाहीत, वारा लागू देत नाहीत. हे सगळं आईने बघायचं, आई नसेल तर सासूने. मी म्हटलं, आमच्याकडे सव्वा महिना बघतात. ती इतकी खूश झाली की तिने माझा हातच धरला. तिकडे तिच्या एका मैत्रिणीला बाळ झाल्या झाल्या नर्सने बर्फ घातलेलं पाणी प्यायला दिलं होतं. "बर्फ!" असं म्हणताना तिने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. त्या देशात जवळचं बाईमाणूस नसताना बाळंत व्हायचं, ह्या विचाराने ती घाबरून गेली होती. दादा होता, पण दादाला धड कुकर लावता येत नाही.

माझ्याशी ती इंग्रजीत बोलायची. आईशी मात्र दादाने शिकवलेली आमची वऱ्हाडी बोलायची, तुटकी पण ठसक्यात. "मले भूक लागली", "बस झालं, आई", आणि तिचा सगळ्यांत लाडका शब्द, "कायले?", म्हणजे कशाला. आई ओटी भरायला पुढे झाली तर "कायले?" बाबांनी उन्हात टोपी घाल म्हटलं तर "कायले?" गल्लीतल्या बाया नुसतं ते ऐकायला यायच्या, आणि ऐकून झालं की तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघत बसायच्या. मंगल कार्यालयात आम्ही जेवण ठेवलं होतं, तिथे एका मावशीने तर तिच्या गालाला बोट लावून पाहिलं, माठ पक्का आहे का बघावं तसं. तिच्या नातवाने बोटांनी डोळे ताणून दाखवले आणि अख्खी पंगत हसली. वहिनीही हसली. दादा बुंदीच्या पातेल्यापाशी उभा राहून हसला.

आता भांड्यांचं सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन अडलं.

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं आहे. आजोबांचं ताट, आईच्या लग्नात आत्याने दिलेली परात, दादाच्या बारशाचा पेला, माझ्या दहावीची डबी. घरोघरी असतं हे, त्यात नवल नाही. पण वहिनीला त्याचं फार वेड लागलं. जेवायला बसली की हातातलं भांडं फिरवून अक्षरांवर बोट ठेवायची आणि विचारायची, "हे कोण?" मी सांगायची. एकदा म्हणाली, तुमचं सगळं खानदान तुम्ही स्वयंपाकघरात मांडून ठेवलंय, मेलेली माणसंसुद्धा रोज पंगतीला असतात.

तिला दाखवली नव्हती ती मागच्या दाराची फळी. आमची आई माळकरी. बाबा मात्र मटण खातात, काका खातात, दादाही इथे होता तोवर खायचा. मटण शिजतं मागच्या अंगणात, चुलीवर. त्याचं पातेलं, डाव आणि उलथणं मागच्या फळीवरच राहतात, घरात येत नाहीत. इथवर ठीक. आईची श्रद्धा आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

दोघं येऊन जेमतेम आठवडा झाला असेल. आई स्वतः बाजारात गेली आणि वहिनीसाठी नवं ताट, वाटी, पेला घेऊन आली. तिन्हींवर वहिनीचं नाव कोरलेलं, देवनागरीत. वहिनीने ताट दोन्ही हातांत घेतलं. तिचं नाव मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग ताट छातीशी धरून तिने फोटो काढून घेतला, आईच्या पाया पडली, आणि ह्या वेळी "कायले" म्हणाली नाही. आईनेही तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मला आईचा इतका अभिमान वाटला की मी शिकवते त्या शाळेत जाऊन बाकीच्या मास्तरणींना सांगितलं.

जेवणं झाली. सगळ्यांची ताटं मोरीत गेली. वहिनीचं ताट आईने चिमटीत धरलं, पदर सावरला आणि मागच्या दाराने बाहेर नेलं. तिथल्या दगडावर वेगळं घासलं, वेगळं धुतलं आणि मटणाच्या पातेल्याशेजारी फळीवर पालथं घातलं. वाटी आणि पेलाही. मी दारात उभी राहून बघत होते.

"आई, हे काय करून राह्यली तू?"

"काय करून राह्यली म्हणजे? भांडे धुतले."

"बाहेर काहून ठेवले?"

"मंग कुठं ठेवू? ते तिकडं काय काय खाते ते तिचं तिलेच मालूम. डुक्कर खाते, तुहा दादाच सांगत होता. माहं मन नाई घेत."

"इथं आल्यापासून वरण-भातच खाऊन राह्यली ना ते? आन बाबा बकऱ्याची मुंडी खाते, त्याईचं ताट आत कसं?"

"ते तुहे बाबा हाय," आई म्हणाली, ह्याच्यापुढे काही बोलायचं उरतच नाही अशा सुरात. "आन तिच्यासाठी मी नवं कोरं आणलं, नाव टाकून आणलं. कोनती सासू आणते? आपसात मिसळू नाई म्हणून नाव टाकलं. तुले सगळ्यात वाईटच दिसते."

म्हणजे नाव त्यासाठी होतं. वहिनी घरातली झाली म्हणून नाही, तिचं भांडं घरातल्यांत चुकूनही येऊ नये म्हणून. मी दादाला गाठलं. तो ओसरीवर पाय पसरून फोन बघत बसला होता. मी सगळं सांगितलं, तर साहेबांना आधीच ठाऊक.

"जाऊ दे न," तो म्हणाला. "महिनाभराचा तं प्रश्न हाय. तिले काय समजते? तू उगाच सांगू नको. आई यायले तयार झाली पाह्यजे, बस."

आईची मला चीड आली होती. दादाची शिसारी आली. ज्या तोंडाने हा तिच्याशी लग्न करायला हो म्हणाला त्याच तोंडाने हा "तिले काय समजते" म्हणत होता, वर पायाचा अंगठा हलवत होता. मी त्याला म्हटलं, तुझ्यापेक्षा काका बरे, ते तोंडावर तरी थुंकतात. तो हसला. मी बोलले ते त्याला विनोद वाटला.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक मुकी मारामारी सुरू झाली. जेवणं आटोपली की मी ताट मागून आणून आतल्या मांडणीत सगळ्या ताटांच्या मधोमध लावायची. सकाळी बघावं तर ते पुन्हा फळीवर. एकदा तर तिने ताटाबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंची ताटंही विसळून काढली. बाबांना हे दिसत होतं की नाही कोण जाणे. ते पेपर वाचत होते.

मामांच्या मेडशीच्या शेतातून तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या, पोतंभर. दुपारी गच्चीवर उन्हात पाठ करून आम्ही दोघी सोले काढत बसायचो, शेंगांतले हिरवे दाणे. तिथेच एका दुपारी तिने मला तिच्या अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. सुरुवात झाली सोयाबीनवरून. आदल्या दिवशी बाबांनी तिला बाजार समितीत नेलं होतं, आणि सोयाबीनचे ढीग बघून ती मूठभर दाणे खिशात घालून घेऊन आली होती. आम्ही सोयाबीन पिकवतो, विकतो आणि एक दाणा तोंडात घालत नाही, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

"माझ्या आजीची बरणी ह्याचीच होती," ती म्हणाली.

एकोणिसाव्या वर्षी ती गेली. बर्फाचं लहानसं गाव, एक कॉलेज आणि भोवताली लाकडी घरं. तशा एका घरात तिने खोली घेतली. आणखी तीन मुली होत्या, तिकडच्याच. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. आजीने तिच्याबरोबर एक बरणी दिली होती. सोयाबीनच्या दुधाचं पनीर करतात, ते खारवून, आंबवून, तिखटात मुरवलेलं. भातावर त्याचा नखाएवढा तुकडा घेतला की जेवण होतं.

"वास वाईटच असतो त्याचा," ती म्हणाली. "मला काय ठाऊक नाही? पण त्याच्याशिवाय भात घशाखाली उतरत नव्हता."

त्या मुली तिला कधी काही बोलल्या नाहीत. ती जेवायला बसली की हसून खिडकी उघडायच्या, बाहेर बर्फ पडत असला तरी. ती थंडीने काकडत भात खायची आणि मनात म्हणायची, ह्या लोकांना मोकळी हवा फार आवडते. मग तिचा वाढदिवस आला. मुलींनी तिला एक छोटा फ्रीज भेट दिला. त्यावर लाल फीत बांधलेली, आणि रंगीत अक्षरांत तिचं नाव चिकटवलेलं. फ्रीज ठेवला होता बाहेर, गाडी लावायच्या खोलीत. तिने त्याच दिवशी आजीला फोन करून सांगितलं की मला इथे सगळ्यांनी मिळून माझा स्वतःचा फ्रीज दिलाय. आजीने गावभर करून टाकलं की अमेरिकेत माणशी एक फ्रीज असतो.

हे सांगताना ती हसत होती, आणि शेंग सोलायचं थांबली होती.

पुढे एका मुलीची आई तिला भेटायला आली. ती मुलगी आईला घर दाखवत होती. गाडीच्या खोलीत आल्यावर म्हणाली, हा आम्ही तिला घेऊन दिला, नाहीतर तो वास आपल्या अन्नाला लागला असता. आई म्हणाली, बरं केलंत, आणि दोघींनी नाकं मुरडली. वहिनी तिथेच उभी होती, हातात भाताचं भांडं घेऊन. तिला हे ऐकू जातंय, ह्याचं त्यांना काहीच नव्हतं. तिने त्याच दिवशी बरणी कचऱ्यात टाकली, आणि नंतर कितीतरी दिवस ती नुसते ब्रेडचे तुकडे आणि चीज खात होती.

"चीज!" ती मला म्हणाली. "दूध नासवायचं, त्यावर बुरशी आणायची आणि ते गारच्या गार खायचं. मला ओकारी यायची, ताई. त्या बूट घालून गादीवर बसायच्या. कुत्रा ताट चाटायचा आणि तेच ताट माझ्या ताटाबरोबर यंत्रात धुवायला जायचं. मलाही त्यांची किळस यायची ना. पण घर त्यांचं होतं. ज्यांचं घर त्यांचीच किळस खरी धरतात. माझी मी गिळायची."

ती आपले केस हुंगायला लागली. कोट घराबाहेर टांगायला लागली. वर्गात जायच्या आधी लवंग चघळायची. कोणाबरोबर जेवायचं सोडूनच दिलं. कॉलेजात मागच्या जिन्याखाली एक जुना मायक्रोवेव्ह होता, तिथे ती एकटी डबा गरम करून खायची. एके दिवशी तिथे आधीच एक मुलगा लपून बसलेला दिसला. पोळीवर काळीभोर चटणी घेऊन भिंतीकडे तोंड करून भराभरा जेवत होता. तो आमचा दादा. जवसाची चटणी, वर लसूण. त्यालाही कोणीतरी सांगितलं होतं की तुझा डबा बाहेर नेऊन उघड.

"मी त्याला म्हटलं, तुझी पण बरणी?" ती म्हणाली. "आणि त्याने मला अर्धी पोळी दिली."

आम्हाला दादाने हे कधी सांगितलं नव्हतं. तिकडे सगळं मस्त आहे, एवढंच सांगायचा. मी खाली मान घालून सोले काढत राहिले, कारण मला त्याला खाली जाऊन दोन ठेवून द्याव्याशा वाटत होत्या. ज्याला जिन्याखाली बसून जेवावं लागलं, त्याला फळीवरचं ताट दिसत नाही? दिसतं. दिसतं आणि चालतं, ह्याचीच तर घाण वाटते.

"म्हणून मला माझं ताट इतकं आवडलं," वहिनी म्हणाली. "त्या घरात नाव फक्त माझ्याच फ्रीजवर होतं. इथे सगळ्यांच्याच भांड्यांवर आहे."

मी सालं गोळा करायला लागले. त्या संध्याकाळी मी आईला पुन्हा विनवून पाहिलं. बरणीची, फ्रीजची सगळी गोष्ट सांगितली. आईने डोळे पुसले. म्हणाली, "कसे लोक असते, बाई! परक्या पोरीले असं करावं?" आणि डोळे पुसून झाल्यावर वहिनीचं ताट उचलून मागे गेली. मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

पण एक झालं. आईचं मन वळलं. वहिनी रोज दिवेलागणीला तिचे गुडघे चेपून द्यायची, भाकरी थापायला शिकायची, फाटली की "आई, मेली" म्हणून ओरडायची. आई हसून हसून बेजार व्हायची. शेवटी एके दिवशी आईनेच सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मी जातो हिच्या बाळंतपणाले. पोरगी एकटी कशी करन?" वहिनी आईच्या गळ्यात पडून हमसून रडली. बाबांनी पेपर बाजूला ठेवला. दादाने माझ्याकडे असं बघितलं, की बघ, मी म्हणत नव्हतो? मीसुद्धा मनात म्हटलं, जाऊ दे, ताटाचं नंतर बघू. आई तिकडे गेली, नातवाचं तोंड बघितलं, की विरघळेल.

त्यांच्या निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आईने पलंगावर सामान मांडलं. काही सामान ह्या दोघांबरोबर पुढे पाठवायचं, म्हणजे तिला स्वतः येताना ओझं कमी. डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशोप, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. वहिनी एकेक वस्तू उचलून वास घेत होती. शेवटी आईने कापडात गुंडाळलेलं गाठोडं सोडलं. त्यात ताट, वाटी, पेला, तवा, लहान कुकर आणि सांडशी. सगळं नवं, आणि सगळ्यांवर आईचं नाव कोरलेलं.

"आई, हे कायले?" वहिनीने विचारलं. "आमच्या घरी भांडे हाय."

आईचा चेहरा मायेने नुसता भरून आला होता. ती वहिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या भांड्याईत सगळंच शिजते न बाई. माहं वेगळं पाह्यजे. जसं इथं तुहं वेगळं ठेवलं न मी, मागच्या दारी, तसंच. तिकडं माहं वेगळं ठेवजो. काई कठीण नाई."

तिने काही लपवलं नाही, लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. वहिनीने दादाकडे बघितलं. तिला शब्द कळले होते, तरी त्याने ते बदलून सांगावेत म्हणून बघितलं असावं. दादा फोनमध्ये डोकं घालून बसला. मग ती उठली, आणि तिला कधी कोणी दाखवलं नव्हतं त्या मागच्या दाराने बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले. आदल्या दिवशी काकांसाठी मटण झालं होतं. पातेल्याच्या कडेला पिवळा तवंग थिजला होता, त्यावर माश्या बसल्या होत्या, आणि त्याला टेकून तिचं ताट पालथं होतं. पालथ्या ताटाच्या काठावर तिचं नाव. ती ते बघत उभी राहिली. हात लावला नाही.

परत आत आली आणि आईसमोर बसली. नीट, सावकाश, एकेक शब्द जुळवून बोलली.

"आई, तुमी नका येऊ."

आईला वाटलं, पोरीचा शब्द चुकला. "नका येऊ नाई म्हणत बाई, लवकर या म्हणते."

"नाई," वहिनी म्हणाली. "नका येऊ. मी एकटी करीन."

रडली नाही, आवाज चढवला नाही. आईने पसरलेलं सामान तिनेच घडी घालून पुन्हा गाठोड्यात बांधून दिलं, डिंक-खारकेसकट. संध्याकाळी काका निरोप द्यायला आले, ओसरीवर खर्रा घोटला, सगळं ऐकलं आणि निकाल दिला, "मी तं पयलेच म्हणत होतो, इचा भरोसा नाई." त्यांच्या खर्र्याच्या पन्नीसकट त्यांना रस्त्यावर काढावं असं मला वाटलं. पण बाबांनी त्यांना चहा सांगितला, आणि तो मलाच करावा लागला.

दुसऱ्या दिवशी गाडी हलली तेव्हा वहिनीने मला मिठी मारली. आईला वाकून नमस्कार केला. ताट नेलं नाही.

आई कितीतरी दिवस येईल त्याला विचारत होती, "माहं काय चुकलं? मी नवं ताट नाई आणलं? मी जायले तयार नाई झाली?" आणि आलेली प्रत्येक बाई म्हणत होती, तुमचं काय चुकलं, परकी ते परकीच. मी एकदा ओरडून सांगितलं की काय चुकलं. तर त्या बाया माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू काही मीच साप खाल्ला.

उन्हाळ्यात मुलगा झाला. दादाने सुट्टी काढली होती. फोनवर मला विचारून विचारून त्याने डिंकाचे लाडू वळायचा प्रयत्न केला. ते म्हणे वळलेच नाहीत, वहिनी चुराच चमच्याने खात होती. शेजारची एक म्हातारी दोनचारदा सूप देऊन गेली. बाकी सगळं तिने एकटीने केलं.

इकडे आईने पेढे वाटले. बारशाच्या आधी बाजारात जाऊन चांदीची वाटी आणि चमचा आणला, त्यावर नातवाचं नाव कोरून. आणि महिन्याभराने दादाने फोनवर बाळ दाखवलं तेव्हा ती वाटी फोनसमोर धरून म्हणाली, "पाह्य रे राजा, तुही वाटी! आमी तुही वाट पाहून राह्यलो. आण बाई याले घरी लवकर."

फोनमध्ये नुसतं बाळ दिसत होतं आणि त्याला धरलेले वहिनीचे हात. तिचा चेहरा तिने बाहेरच ठेवला होता.

"आई," तिचा आवाज आला, "हे वाटी कुठं ठेवली? आत का मागं?"

"आत, बाई, आत!" आई अगदी फुलून म्हणाली. "देवाजवळ ठेवली. आपलं पोरगं हाय ते. मागं कायले ठेवन?"

बाळ चुळबुळलं, तोंड उघडून इकडेतिकडे शोधायला लागलं, आणि त्या हातांनी त्याला उचलून जवळ घेतलं.

"ते माहं दूध पेते, आई," वहिनी म्हणाली.

फोन बंद झाला. आई वाटी हातात धरून बसून राहिली. ती कुठे ठेवायची हे तिने मला विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.